रुग्णशय्येशेजारचे पालकत्व : जन्मजात हृदयविकार असलेल्या अर्भकांच्या उपचारांचा इतिहास आणि निमगाव सावा परिसर

प्रस्तावना

वैद्यकशास्त्राचा इतिहास प्रामुख्याने शोध, शस्त्रक्रिया, संस्था आणि थोर वैद्यांची चरित्रे यांच्या आधारे लिहिला गेला आहे. रुग्ण त्या इतिहासात बहुधा 'प्रकरण' म्हणून येतो. रुग्णाच्या उशाशी बसलेले माणूस मात्र येत नाही. रुग्ण जेव्हा काही दिवसांचे किंवा काही महिन्यांचे अर्भक असते, तेव्हा ही उणीव अधिक जाणवते. अर्भकाला स्वतःचे दुखणे सांगता येत नाही, संमती देता येत नाही आणि औषधाची वेळ पाळता येत नाही. ही सर्व कामे त्याचे आईवडील करतात.

जन्मजात हृदयविकार हा अशा अर्भकांच्या गंभीर विकारांपैकी एक प्रमुख विकार होय. हृदयाच्या कप्प्यांमधील पडद्याला छिद्र असणे, झडप अरुंद असणे, मोठ्या रक्तवाहिन्यांची अदलाबदल होणे अशा अनेक दोषांचा यात समावेश होतो. जिवंत जन्मणाऱ्या दर हजार बालकांपैकी सुमारे आठ ते नऊ बालकांमध्ये हा दोष आढळतो. भारतात दरवर्षी अशी दोन लाखांहून अधिक बालके जन्मतात आणि त्यांपैकी सुमारे एक पंचमांश बालकांना पहिल्या वर्षातच शस्त्रक्रियेची किंवा तत्सम उपचारांची गरज असते, असा तज्ज्ञांचा अंदाज आहे.

पुणे जिल्ह्यातील जुन्नर तालुक्याच्या पूर्व भागात, पुणे–नाशिक महामार्गापासून आत वसलेले निमगाव सावा हे शेतीप्रधान गाव आहे. अशा गावातील कुटुंबात जन्मजात हृदयविकार असलेले बाळ जन्मल्यास त्याचे उपचार गावात किंवा तालुक्यात होऊ शकत नाहीत. त्यासाठी पुणे किंवा मुंबई गाठावी लागते. म्हणजेच येथील पालकांपुढे आजाराच्या प्रश्नाबरोबरच अंतराचा, मुक्कामाचा आणि बुडणाऱ्या रोजगाराचा प्रश्न उभा राहतो. या प्रश्नाला इतिहास आहे. तो समजून घेण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

उद्दिष्टे व अभ्यासपद्धती

१) अर्भकांच्या हृदयशस्त्रक्रियेच्या विकासात पालकांची भूमिका कशी बदलत गेली याचा मागोवा घेणे.
२) महाराष्ट्रातील रुग्णालयीन व्यवस्थेने पालकांना कोणते स्थान दिले याचा अभ्यास करणे.
३) निमगाव सावासारख्या गावातील पालकांच्या दृष्टीने शासकीय योजनांची उपयुक्तता व मर्यादा स्पष्ट करणे.

सदर लेखासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून प्रकाशित दुय्यम साधनांचा आधार घेतला आहे.

१. निदानापूर्वीचा काळ

अर्भकमृत्यू ही एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्रात घरोघरची घटना होती. पुढे पदवी घेऊन डॉक्टर झालेल्या आनंदीबाई जोशी (१८६५–१८८७) यांचे उदाहरण सर्वश्रुत आहे. वयाच्या चौदाव्या वर्षी त्यांना मुलगा झाला आणि तो अवघे दहा दिवस जगला. योग्य वैद्यकीय मदत मिळाली असती तर मूल वाचले असते, या जाणिवेतून त्यांनी वैद्यकीय शिक्षणाचा निर्धार केला आणि १८८६ मध्ये अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया येथील महिला वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी मिळविली. ते बाळ कोणत्या विकाराने गेले याची चर्चा येथे प्रस्तुत नाही. दहा दिवसांच्या मुलाचा मृत्यू हा दैवाचा भाग नसून उपचारांच्या अभावाचा परिणाम आहे, असे एका मराठी मातेने मानले, ही बाब इतिहासदृष्ट्या महत्त्वाची आहे.

सर्वसामान्य समाजात मात्र वेगळी धारणा रूढ होती. बाळाच्या जन्मानंतर पाचवीच्या किंवा सहावीच्या रात्री सटवाई येते आणि बाळाच्या कपाळी त्याचे भविष्य लिहून जाते, ही श्रद्धा महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात आजही परिचित आहे. त्या रात्री बाळाजवळ दिवा तेवत ठेवणे, जागरण करणे, कोरा कागद व लेखणी ठेवणे असे विधी केले जात. दूध ओढताना दमणारे, घामाघूम होणारे, ओठ व नखे निळसर पडणारे मूल 'दृष्ट लागलेले' किंवा 'अंग न धरणारे' ठरत असे. श्वास लागलेल्या बाळाच्या पोटावर किंवा छातीवर डाग देण्याची अघोरी प्रथाही अनेक भागांत होती.

या श्रद्धेकडे केवळ अज्ञान म्हणून पाहणे इतिहासाच्या अभ्यासकास योग्य ठरणार नाही. गर्भावस्थेत फुप्फुसाकडे जाणारी रक्तवाहिनी आणि महारोहिणी यांना जोडणारी एक वाहिनी उघडी असते. जन्मानंतर काही दिवसांत ती मिटते. काही गंभीर हृदयदोषांत बाळाचे जीवन याच वाहिनीवर अवलंबून असते. त्यामुळे जन्मतः सुदृढ भासलेले बाळ पहिल्या एकदोन आठवड्यांत अचानक निळे पडते, दूध सोडते आणि दगावते. ज्या दिवसांवर परंपरेने सटवाईचा पहारा बसविला, तेच दिवस आधुनिक वैद्यकशास्त्रही जोखमीचे मानते. मातांचे निरीक्षण अचूक होते, मात्र त्या निरीक्षणाला निदानाची आणि उपचारांची जोड मिळण्यास विसाव्या शतकाचा मध्य उजाडावा लागला.

२. शस्त्रक्रियेचा उदय आणि पालकांचा सहभाग

१९३८ मध्ये बोस्टन येथे डॉ. रॉबर्ट ग्रॉस यांनी एका सात वर्षांच्या मुलीची वर उल्लेखिलेली, पण जन्मानंतर न मिटलेली वाहिनी बांधून बंद केली. जन्मजात हृदयविकारावरील शस्त्रक्रियांच्या इतिहासाची ही सुरुवात मानली जाते. त्यानंतर २९ नोव्हेंबर १९४४ रोजी बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात पंधरा महिन्यांच्या एका निळ्या पडणाऱ्या मुलीवर डॉ. आल्फ्रेड ब्लेलॉक यांनी शस्त्रक्रिया केली. या शस्त्रक्रियेची कल्पना बालहृदयरोगतज्ज्ञ डॉ. हेलन टॉसिग यांची होती आणि तिचे तंत्र प्रयोगशाळेत सिद्ध करण्यात व्हिव्हियन थॉमस या कृष्णवर्णीय तंत्रज्ञाचा मोठा वाटा होता. टॉसिग यांची श्रवणशक्ती क्षीण झाली होती. त्यामुळे त्या बाळाच्या छातीवर बोटे ठेवून हृदयातील कंप ओळखत असत. ती मुलगी काही महिन्यांनी दगावली, तथापि शस्त्रक्रियेची वार्ता पसरताच देशोदेशीचे पालक आपली निळी बाळे घेऊन बाल्टिमोरला येऊ लागले. उपचारासाठी बाळाला घेऊन दूरच्या शहरात मुक्काम करणाऱ्या पालकांचा आधुनिक इतिहास येथून सुरू होतो, असे म्हणता येईल.

या इतिहासातील सर्वांत लक्षणीय घटना मात्र १९५४ मधील आहे. हृदय उघडून आतील छिद्र शिवावयाचे तर तेवढा वेळ रक्ताभिसरण कसे चालू ठेवावे, हा प्रश्न होता. डॉ. जॉन गिबन यांनी मे १९५३ मध्ये हृदय-फुप्फुस यंत्राचा यशस्वी वापर केला होता, परंतु लहान मुलांसाठी ते यंत्र अद्याप भरवशाचे नव्हते. मिनेसोटा विद्यापीठातील डॉ. वॉल्टन लिलेहाय यांनी यंत्राऐवजी मनुष्य वापरला. २६ मार्च १९५४ रोजी सुमारे एक वर्षाच्या एका मुलाच्या रक्तवाहिन्या त्याच्या वडिलांच्या रक्तवाहिन्यांना नळ्यांनी जोडण्यात आल्या. मुलाच्या हृदयातील छिद्र बंद होईपर्यंत वडिलांच्या हृदय-फुप्फुसांनी दोघांचेही काम केले. मुलगा अकरा दिवसांनी न्यूमोनियाने दगावला. तरीही हा मार्ग पुढे चालू राहिला. १९५४–५५ या काळात अशा पंचेचाळीस शस्त्रक्रिया झाल्या आणि त्यांपैकी अठ्ठावीस मुले बरी होऊन घरी गेली. दात्यांमध्ये बहुतांशी आई किंवा वडीलच होते. एकाही दात्याचा मृत्यू झाला नाही, परंतु एका मातेस गंभीर व कायमस्वरूपी इजा झाली.

पुढे यंत्रे सुधारली आणि या पद्धतीची गरज उरली नाही. तथापि अर्भकांच्या खुल्या हृदयशस्त्रक्रियेच्या पायाभरणीत पालक प्रत्यक्ष उपचाराचा भाग होते, ही ऐतिहासिक वस्तुस्थिती आहे. यंत्र आल्यावर पालक शस्त्रक्रियागृहाच्या बाहेर आले आणि काही काळ तर रुग्णालयाच्याच बाहेर गेले.

३. रुग्णालयाचे दार : पाश्चात्त्य अनुभव

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात युरोप-अमेरिकेतील बालरुग्णालयांत पालकांना बाळाजवळ थांबू दिले जात नसे. जंतुसंसर्गाची भीती हे त्याचे एक कारण होते. आईवडील भेटून गेले की मुले रडतात आणि शिस्त बिघडते, हे दुसरे कारण सांगितले जाई. १९५० च्या सुमारास लंडनमधील काही मोठ्या रुग्णालयांत आठवड्यातून एखाद्या दिवशी दीडदोन तासच भेटीची मुभा होती.

या प्रथेस आव्हान देणाऱ्यांमध्ये न्यूकॅसल येथील डॉ. जेम्स स्पेन्स अग्रणी होते. त्यांनी १९२० च्या दशकातच आजारी बाळांसोबत मातांच्या मुक्कामाची सोय केली. पुढे रेने स्पिट्झ यांचा १९४५ मधील लेख, जॉन बोल्बी यांचा जागतिक आरोग्य संघटनेसाठीचा १९५१ मधील अहवाल आणि रुग्णालयात एकटे ठेवलेल्या दोन वर्षांच्या मुलीवरील जेम्स रॉबर्टसन यांचा १९५२ मधील चित्रपट यांमुळे मातृवियोगाचे परिणाम जगासमोर आले. १९५९ मध्ये ब्रिटनमधील प्लॅट समितीने पालकांना केव्हाही भेटू द्यावे आणि लहान मुलांसोबत मातेच्या राहण्याची सोय करावी, अशी शिफारस केली. अर्थात, ज्या दशकात हृदयशस्त्रक्रियेने अर्भकांना जगविण्याचा मार्ग दाखविला, त्याच दशकात रुग्णालयांना पालकांची गरज नव्याने मान्य करावी लागली.

४. महाराष्ट्रातील रुग्णालये आणि 'सोबतचे माणूस'

महाराष्ट्रातील सार्वजनिक रुग्णालयांचा इतिहास याहून निराळा आहे. पुण्याचे ससून रुग्णालय १८६७ पासून, मुंबईतील परळचे के.ई.एम. रुग्णालय १९२६ पासून आणि त्याच परिसरातील बाई जेरबाई वाडिया बालरुग्णालय १९२९ पासून कार्यरत आहे. या रुग्णालयांच्या सर्वसाधारण कक्षांत 'पेशंटसोबत कोण आहे?' हा प्रश्न प्रवेशापासूनच विचारला जातो. परिचारिकांची संख्या अपुरी असल्यामुळे बाळाला पुसणे, पाजणे, कपडे बदलणे, रक्ताचे नमुने पोहोचविणे, बाहेरून औषधे आणणे ही कामे सोबतच्या माणसाकडे आपोआप येतात. पाश्चात्त्य रुग्णालयांनी ज्या मातेला दाराबाहेर ठेवले, तिला आपल्याकडील रुग्णालयांनी आत घेतले. मात्र त्यामागे सिद्धांतापेक्षा निकड अधिक होती. परिणामी तिचे श्रम उपयोगात आले, पण नोंदले गेले नाहीत. तिच्यासाठी खाट नव्हती, भोजन नव्हते आणि रात्री पाठ टेकण्यास व्हरांडा होता.

१९६१ मध्ये मुंबईत डॉ. के. एन. दस्तूर यांनी आणि पुढच्याच वर्षी वेल्लोर येथे डॉ. एन. गोपीनाथ यांनी हृदय-फुप्फुस यंत्राच्या साहाय्याने खुल्या हृदयशस्त्रक्रिया केल्या. फेब्रुवारी १९६८ मध्ये के.ई.एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी हृदय प्रत्यारोपणाचाही प्रयत्न केला. तथापि अगदी लहान अर्भकांवर सुरक्षितपणे शस्त्रक्रिया करण्याची क्षमता जगभरातच १९७० नंतर विकसित झाली. १९७५ मध्ये ब्राझीलमधील डॉ. अदिब जातेने यांनी मोठ्या रक्तवाहिन्यांची अदलाबदल दुरुस्त करणारी शस्त्रक्रिया केली. त्याच सुमारास बाळाची ती मिटणारी वाहिनी औषधाने उघडी ठेवणेही शक्य झाले. त्याआधीच्या पिढीतील स्थिती अभिनेत्री मधुबाला यांच्या उदाहरणावरून ध्यानात येते. १९३३ मध्ये जन्मलेल्या मधुबाला यांच्या हृदयाला जन्मतः छिद्र होते, ते तरुणपणी लक्षात आले आणि १९६९ मध्ये मुंबईत त्यांचे निधन झाले. ज्या विकारापुढे त्या काळी प्रसिद्धी आणि पैसाही निरुपयोगी ठरला, तोच विकार आज बहुतांशी बालपणीच दुरुस्त करता येतो.

जुन्नर व आंबेगाव तालुक्यांचा मुंबईशी असलेला जुना संबंध येथे लक्षात घेणे आवश्यक आहे. मुंबईतील डबेवाल्यांपैकी अनेक कुटुंबे याच भागातील आहेत. गिरण्या, गोदी व बाजार येथील कामांमुळेही या तालुक्यांतील माणसे मुंबईत स्थिरावली. मोठ्या आजारात 'मुंबईला नेणे' याचा अर्थ अनेकदा नातलगाच्या किंवा गाववाल्याच्या खोलीत मुक्काम करणे असा होता. ज्यांना असा आधार नव्हता त्यांच्यासाठी धर्मशाळा होत्या. संत गाडगे महाराज (१८७६–१९५६) यांनी तीर्थक्षेत्री यात्रेकरूंसाठी धर्मशाळा उभारल्या, हे सर्वांना ज्ञात आहे. त्यांच्याच परंपरेतील दादर येथील धर्मशाळा परळच्या रुग्णालयांत बाहेरगावाहून येणाऱ्या रुग्णांना व नातेवाइकांना निवारा देते. रुग्णासोबत आलेल्या माणसालाही छप्पर लागते, हे शासकीय आरोग्यव्यवस्थेच्या आधी संतपरंपरेने ओळखले, असे म्हणणे वावगे ठरू नये.

पालकांवर आणखी एक जबाबदारी होती, ती रक्ताची. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ मधील निर्णयानुसार १ जानेवारी १९९८ पासून पैसे घेऊन रक्त देणाऱ्या व्यावसायिक दात्यांवर बंदी आली. हा निर्णय सुरक्षिततेच्या दृष्टीने योग्यच होता. मात्र ऐच्छिक रक्तदान पुरेसे नसल्याने 'बदली रक्तदाते' आणण्याची मागणी नातेवाइकांकडे होऊ लागली. शहरात ओळख नसलेल्या वडिलांना अशा वेळी गावाकडे निरोप पाठवावा लागे. गावातील तरुण जीप करून शहरात येत आणि एका अर्भकासाठी रक्त देऊन परत जात. लिलेहाय यांच्या शस्त्रक्रियेत वडिलांचे रक्त मुलाच्या शरीरात वाहिले होते. येथे ती भूमिका भावकीने आणि मित्रांनी पार पाडली.

५. अतिदक्षता विभाग आणि आईचे दूध

नवजात शिशूंचे अतिदक्षता विभाग सुरू झाल्यावर सर्वसाधारण कक्षातील ही मुक्त स्थिती बदलली. येथे संसर्ग टाळण्यासाठी पालकांना काचेबाहेर थांबावे लागले. भेटीच्या वेळा, पास, हात धुणे, अंगावर झगा घालणे असे नियम आले. हृदयदोष असलेल्या बाळाच्या बाबतीत ही ताटातूट अधिक तीव्र होते, कारण बाळाला तातडीने मोठ्या शहरात हलवावे लागते आणि बाळंतीण, विशेषतः सिझेरियन झालेली, मूळ रुग्णालयातच राहते. मराठी कुटुंबात बाळंतिणीने सव्वा महिना घराबाहेर न पडण्याचा रिवाज आहे आणि पहिले बाळंतपण बहुधा माहेरी होते. त्यामुळे पहिल्या काही दिवसांत बाळासोबत वडील, आजी किंवा मावशी असते. संमतीपत्रावर सही वडील करतात आणि बातमी आईपर्यंत गाळून पोहोचते. बारशाचा दिवस रुग्णालयातच उलटतो. बाळाच्या कागदांवर 'बेबी ऑफ' या शब्दांपुढे आईचे नाव असते. ज्या स्त्रीला बाळाजवळ जाता येत नाही, तिच्याच नावाने बाळ ओळखले जाते, ही विसंगती नोंद घेण्याजोगी आहे.

आईला पुन्हा उपचाराच्या केंद्रस्थानी आणण्यात तिच्या दुधाचा मोठा वाटा आहे. हृदयविकार असलेले बाळ स्तनपान करताना दमते. अशा वेळी काढलेले दूध वाटी-चमच्याने किंवा नळीवाटे द्यावे लागते. मुंबईतील शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने नोव्हेंबर १९८९ मध्ये आशियातील पहिली मातृदुग्धपेढी सुरू झाली. १९७० च्या दशकाच्या अखेरीस कोलंबियातील बोगोटा येथे बाळाला आईच्या छातीशी त्वचेला त्वचा लावून ठेवण्याची 'कांगारू' पद्धत सुरू झाली. पुढे भारतातही ती स्वीकारण्यात आली. २०१७ मध्ये केंद्र शासनाच्या आरोग्य मंत्रालयाने नवजात शिशूंच्या शुश्रूषेत कुटुंबाच्या सहभागाविषयी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. हात कसे धुवावेत, दूध कसे पाजावे, धोक्याची लक्षणे कशी ओळखावीत याचे प्रशिक्षण पालकांना विशेष नवजात शिशू कक्षातच द्यावे, असे त्यात अभिप्रेत आहे. ग्रामीण रुग्णालयांतील आईला हे सर्व नवीन नव्हते. नवीन होती ती शासनाने दिलेली मान्यता.

६. निर्णयाचा भार

गर्भावस्थेतील सोनोग्राफीमुळे काही हृदयदोष जन्मापूर्वीच कळू लागले आणि पालकत्वाचा प्रारंभ आणखी मागे गेला. २००८ मध्ये मुंबईतील एका दांपत्याने, गर्भाच्या हृदयात गंभीर दोष असल्याचे चोविसाव्या आठवड्यात कळल्याने, गर्भपाताची परवानगी मिळावी म्हणून मुंबई उच्च न्यायालयात याचिका दाखल केली. त्या वेळी १९७१ च्या कायद्याची मर्यादा वीस आठवड्यांची होती. ४ ऑगस्ट २००८ रोजी न्यायालयाने याचिका फेटाळली. या प्रकरणाने देशभर चर्चा घडली. २०२१ च्या दुरुस्तीने विशिष्ट गटांतील स्त्रियांसाठी ही मर्यादा चोवीस आठवड्यांपर्यंत वाढली आणि गर्भात गंभीर विकृती असल्यास वैद्यकीय मंडळाच्या मतानुसार त्यापुढेही परवानगीची तरतूद झाली.

या प्रश्नाची नैतिक बाजू गुंतागुंतीची आहे. येथे एवढेच नोंदवावयाचे की, हृदयदोष असलेल्या बाळाचे संगोपन कोण, कोठे आणि कशाच्या बळावर करणार हा प्रश्न त्या याचिकेच्या मुळाशी होता. कायद्याने गर्भपाताची मुदत बदलली, पण हा मूळ प्रश्न कायद्याच्या कक्षेबाहेरच राहिला.

७. शासकीय योजनांचा काळ

जन्मानंतरच्या पहिल्या दिवसांत घरीच बाळाची देखरेख करण्याचा विचार महाराष्ट्रात रुजला तो गडचिरोलीत. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने प्रशिक्षित ग्रामीण स्त्रियांच्या साहाय्याने नवजात बालकांची घरोघरी काळजी घेऊन अर्भकमृत्यूत मोठी घट घडविली. हे निष्कर्ष १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. २०११ पासून राष्ट्रीय पातळीवर आशा सेविका बाळंतिणीच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी भेट देऊ लागल्या. तिसरा आणि सातवा दिवस म्हणजे पाचवीच्या रात्रीच्या अलीकडचा आणि पलीकडचा दिवस होय. जेथे पूर्वी केवळ दिवा तेवत असे, तेथे आता प्रशिक्षित नजरही पोहोचते.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये महाराष्ट्रातील पालघर येथे झाला. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करणारी फिरती वैद्यकीय पथके अंगणवाड्यांना व शाळांना भेटी देतात. तपासणीच्या यादीत जन्मजात हृदयविकाराचा समावेश आहे. वजन न वाढणे, वारंवार न्यूमोनिया होणे, दूध पिताना घाम येणे ही लक्षणे अंगणवाडीच्या वजनकाट्यावर आणि आईच्या बोलण्यात सर्वांत आधी दिसतात. त्यामुळे या पथकाला सर्वाधिक विश्वसनीय माहिती आईकडूनच मिळते.

खर्चाच्या बाबतीत राज्याने १९९७ मध्ये जीवनदायी योजना आणली. २ जुलै २०१२ पासून राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत आणि नोव्हेंबर २०१३ पासून संपूर्ण राज्यात लागू झाली. २०१७ पासून ती महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना या नावाने ओळखली जाते. आरंभी कुटुंबास वर्षाला दीड लाख रुपयांचे संरक्षण होते. पुढे ते पाच लाखांपर्यंत वाढविण्यात आले आणि राज्यातील सर्व कुटुंबांना योजना खुली झाली. याशिवाय महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ कक नुसार धर्मादाय रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवणे बंधनकारक आहे. उच्च न्यायालयाने मान्य केलेली त्यासंबंधीची योजना २००६ पासून अमलात आहे. मुख्यमंत्री साहाय्यता निधी आणि देवस्थानांचे वैद्यकीय साहाय्यही अनेक पालकांच्या उपयोगी पडते.

या तरतुदींचे मोल मोठे आहे. जी शस्त्रक्रिया एका पिढीपूर्वी शेत विकल्याशिवाय करता येत नसे, ती आज विनामूल्य होऊ शकते. तथापि योजनेची भाषा बारकाईने पाहिल्यास एक गोष्ट ध्यानात येते. उपचारांच्या पॅकेजमध्ये रुग्णाचे भोजन आणि रुग्णालयातून घरी परतण्याचे एस.टी.चे किंवा रेल्वेच्या द्वितीय श्रेणीचे एकवेळचे भाडे यांचा समावेश करण्यात आला होता. सोबतच्या आईवडिलांचा मुक्काम, त्यांचे जेवण आणि बुडालेली मजुरी यांचा त्यात विचार नव्हता. प्रौढ रुग्णासाठी रचलेली चौकट अर्भकालाही लावल्याचा हा परिणाम आहे. अर्भकाच्या बाबतीत 'रुग्ण' ही एक व्यक्ती नसून आई आणि बाळ मिळून होणारे एकक आहे, ही बाब हिशेबात आली नाही.

८. निमगाव सावा : अंतराचा हिशेब

निमगाव सावा येथून उपचारासाठी निघालेल्या कुटुंबापुढे दोन दिशा असतात. एक, नारायणगाव किंवा मंचरमार्गे पुणे. नारायणगावपासून पुणे सुमारे पंचाहत्तर किलोमीटर आहे. दुसरी, आळेफाट्याहून माळशेज घाट उतरून कल्याणमार्गे मुंबई. २०१४ मध्ये राज्यात सुरू झालेल्या १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेमुळे आणीबाणीतील पहिला प्रवास सुकर झाला. परंतु हृदयविकार असलेल्या बाळाचा प्रवास एकदाच होत नाही. निदान, शस्त्रक्रियेची तारीख, शस्त्रक्रिया, टाके, नंतरच्या सोनोग्राफी तपासण्या आणि काही दोषांत टप्प्याटप्प्याने होणाऱ्या दोनतीन शस्त्रक्रिया असा तो वर्षानुवर्षे चालतो.

कुकडी प्रकल्पाच्या पाण्यावर उभ्या राहिलेल्या या परिसरातील शेतीचे वेळापत्रक रुग्णालयाच्या वेळापत्रकाशी जुळत नाही. कांदा काढणीस आला असता किंवा टोमॅटोची तोडणी सुरू असता महिनाभर शहरात राहणे म्हणजे हंगाम सोडणे होय. मजुरीवर जगणाऱ्या कुटुंबाची स्थिती याहून बिकट असते. संघटित क्षेत्रातील स्त्रीला २०१७ च्या दुरुस्तीनुसार सव्वीस आठवड्यांची पगारी प्रसूती रजा मिळते, शेतमजूर स्त्रीला अशी रजा नाही. घरी ठेवलेली मोठी मुले, जनावरे आणि वृद्ध यांची जबाबदारी शेजारी व भावकी उचलते. कागदपत्रांचा प्रश्न निराळाच. नवजात बाळाचे नाव शिधापत्रिकेवर नसते. त्यामुळे जन्मदाखला व आईवडिलांची कागदपत्रे यांसाठी एका माणसाला गावी परतावे लागते आणि नेमक्या त्याच वेळी रुग्णालयात सहीसाठी त्याची गरज असते.

अशा स्थितीत वडिलांच्या भूमिकेतही बदल झालेला दिसतो. पारंपरिक ग्रामीण कुटुंबात अर्भकाची शुश्रूषा हे स्त्रियांचे क्षेत्र मानले जाई. अतिदक्षता विभागाच्या दाराशी रात्र काढणारा, औषधाचे मिलिलिटर मोजणारा, डॉक्टरांचे बोलणे समजून घेऊन घरी सांगणारा बाप ही आधुनिक उपचारांनी घडविलेली सामाजिक भूमिका आहे. तिची नोंद ग्रामीण समाजाच्या इतिहासात होणे आवश्यक आहे.

कोविडच्या साथीत, २०२० मध्ये, बोटाला लावून रक्तातील प्राणवायू मोजणारे ऑक्सिमीटर आशा सेविकांच्या हाती आले. याच तत्त्वावरील, नवजात बाळाच्या हातापायाला लावता येणाऱ्या उपकरणाने जन्मानंतरच्या पहिल्या दोन दिवसांत अनेक गंभीर हृदयदोषांची शंका वेळीच घेता येते. अमेरिकेत २०११ मध्ये अशी तपासणी सर्व नवजात बालकांसाठी शिफारस केलेल्या चाचण्यांच्या यादीत समाविष्ट झाली. तालुक्यातील प्रत्येक प्रसूतिस्थानी ही तपासणी नियमित झाल्यास पालकांच्या वाट्याला येणारा धावपळीचा काळ काही अंशी तयारीचा काळ होऊ शकेल.

निष्कर्ष

१) अर्भकांच्या हृदयशस्त्रक्रियेच्या इतिहासात पालक हे आरंभापासून उपचारांचे घटक होते. १९५४ मधील शस्त्रक्रियांत तर आईवडिलांच्या शरीरानेच यंत्राचे काम केले.

२) पाश्चात्त्य रुग्णालयांनी पालकांना प्रथम बाहेर ठेवले व नंतर विचारपूर्वक आत घेतले. महाराष्ट्रातील सार्वजनिक रुग्णालयांत ते निकडीपोटी आतच होते, मात्र त्यांचे श्रम अनोंदित राहिले. अतिदक्षता विभागाने त्यांना दूर केले आणि अलीकडील धोरणांनी पुन्हा जवळ आणले.

३) शासकीय योजनांनी शस्त्रक्रियेच्या खर्चाचा भार मोठ्या प्रमाणात उचलला, परंतु पालकांचा मुक्काम, प्रवास व बुडालेला रोजगार यांचा भार कुटुंबावरच राहिला. निमगाव सावासारख्या गावांसाठी हाच भार अनेकदा उपचार पूर्ण होणे किंवा अर्धवट सुटणे ठरवितो.

४) अर्भकाच्या उपचारांच्या पॅकेजमध्ये एका पालकाचा मुक्काम, भोजन आणि तपासणीसाठीचा प्रवास समाविष्ट करणे, तसेच प्रसूतिस्थानी प्राणवायू-तपासणी नियमित करणे या दोन बाबी अग्रक्रमाने विचारात घेण्याजोग्या आहेत.

आनंदीबाईंच्या काळी दहा दिवसांच्या बाळाला वाचविण्याचे ज्ञान उपलब्ध नव्हते. आज ते ज्ञान आहे, शस्त्रक्रिया आहे आणि तिच्या खर्चाची तरतूदही आहे. आता उरला आहे तो बाळाच्या उशाशी बसलेल्या माणसाचा प्रश्न. रुग्णालयाच्या कागदावर 'बेबी ऑफ' म्हणून जिचे नाव लिहिले जाते, तिच्या मुक्कामाची, भाकरीची आणि बुडालेल्या दिवसांचीही नोंद तेथे झाली, तरच हा उपचार पूर्ण झाला असे म्हणता येईल.